दोन मिलिग्रॅम

सिगारेट सुटून चार वर्षं झाली.
हे मी सांगतो आणि लोक पाठ थोपटतात,
तेव्हा डाव्या दाढेमागे च्युइंगगम दाबलेलं असतं,
निकोटिनचं, पुदिना, दोन मिलिग्रॅम.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. परळ, लालबाग, शिवडी,
गिरण्यांच्या जागी उगवलेल्या मनोऱ्यांत
शेवटच्या मजल्याच्याही वर, मशीनरूममध्ये.
मोटर थंड होईपर्यंत तिथे एक ओढायचो,
मोटर थंडच असली तरी एक.
आता धूर नाही, काडीपेटी नाही,
बोटांचा पिवळेपणाही उतरला.
मग हे जे उरलंय, त्याचं नाव काय?

डॉक्टर कामतेकर म्हणाले, पदार्थ तोच, वेग वेगळा.
वेगाचं मला समजावून सांगावं लागत नाही.
धुरातून ते लिफ्टने जातं, मधे कुठेही न थांबता,
पंधरा आकडे मोजून होईपर्यंत डोक्यात.
दंडावरच्या पट्टीतून जिन्याने, मजल्यामजल्यावर दम खात;
पोचतं तेव्हा दारात कुणी उभं नसतं.
पट्टीसाठी मध्यरात्री नाक्यावर गेलेला माणूस
मी तरी बघितलेला नाही.
वांग्यातही असतं म्हणे, कणभर.
भरल्या वांग्यासाठी मी रात्री फ्रिज उघडलाय,
पण तो दोष कुटाचा.

आणि आई?

आईने जन्मात विडी धरली नाही.
काळाचौकीच्या खोलीत स्टोव्हवर तवा ठेवून
तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची,
शेजारच्या द्रौपदाबाई खोकत खोकत दार लावून घ्यायच्या.
मग पितळी डबी.
पहाटे, दुपारी, भांडण झाल्यावर, मिटल्यावर,
उजव्या हाताचं दुसरं बोट.
"मी कुठे खाते? मी दात घासते."
दात साठीतच गेले होते. घासणं राहिलं.

खुबा मोडला. केईएममध्ये तिसऱ्या दिवशी
तिने नर्सला चोर ठरवलं,
मला मेलेल्या मामाच्या नावाने हाक मारली,
आणि चादरीचा काठ बोटाने घासत राहिली,
घासत राहिली.
सगळे म्हणाले, वय आहे, भूल उतरायला वेळ लागतो.
धाकटी वहिनी काहीच बोलली नाही.
संध्याकाळी पिशवीतल्या मोसंब्यांखालून तिने डबी काढली.
पाच मिनिटांत आईने मला विचारलं, "जेवलास?"

मग माझ्या गालाकडे बघून, "काय रे तोंडात?"
औषध. सिगारेट सुटायचं.
"कसं घेतात?"
थोडं चावायचं, झणझणलं की गालात धरायचं,
गिळायचं नाही.
टाके दुखेपर्यंत हसली.
"अरे, ही माझीच मशेरी. पुदिना लावून."

आई गेली, डबी माझ्याकडे आली.
च्युइंगगम मी तिच्यातच ठेवतो.
मागच्या महिन्यात हेमांगीने, माझ्या नकळत,
साधं पुदिन्याचं आणून, सुरीने त्याच मापात कापून
डबी भरली. नऊ दिवस.
मला वाटलं, कंपनीने माल पातळ केला.
एकदा स्पॅनर फेकला, पण तो फेकण्याच्याच लायकीचा होता.
बाकी झाकण टक् वाजायचं,
गाल भरायचा, काम चालायचं.
दहाव्या दिवशी तिने सांगितलं.
हात कापले ते त्या रात्री.
सांगितल्यानंतर.

हे कामतेकरांना मी कळवलेलं नाही.
आईला सांगितलं असतं, तर तिने डबी हुंगली असती
आणि कुणाची बाजू घेतली असती कोण जाणे.

आता दोन्ही एकाच डबीत आहेत, मिसळलेली.
कुठलं कोणतं, मी विचारत नाही,
हेमांगीलाही आता ओळखू येत नाही.

काल बेचाळिसाव्या मजल्याच्या वर दोर तपासत होतो.
दोन्ही हात ग्रीसने भरलेले, डबी खिशात, उघडणार कोण?
जीभ आपली आपण गेली दाढेमागे,
जागा चाचपून आली.
तिथे काही नव्हतं.
झणझणत होतं.